गाडगेबाबांचा खराटा आणि आपले घर

घर झाडले की मन हलके होते, ही गोष्ट कोणत्याही गृहिणीला नव्याने सांगावी लागत नाही. ती सांगावी लागते माझ्यासारख्या पुस्तकी पुरुषांना. वडील गेल्यानंतरचे चार महिने त्यांची खोली मी उघडीत नव्हतो. महापे येथील आमचे घर औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहे. शिळफाट्याकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची धूळ खिडकीच्या गजांवर अहोरात्र साचत असते. त्या बंद खोलीत वडिलांची ट्रंक, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि मी टाळून ठेवलेल्या उत्तरपत्रिका एकमेकांच्या अंगावर पडून होत्या. वर्गात शिकवणे चालू होते, पण त्यात जीव नव्हता. रात्री झोप नसे आणि सकाळी उठावेसे वाटत नसे. एका रविवारी पत्नी माहेरी गेली असता, का कोण जाणे, मी झाडू उचलला. दुपारी दोनपर्यंत खोली झाडून, पुसून, कागद वेगळे करून मी दारात येऊन बसलो, आणि चार महिन्यांत प्रथमच मला सडकून भूक लागली.

संध्याकाळी पत्नी परतल्यावर हा अनुभव मी मोठ्या कौतुकाने तिला सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले की, गेली अठरा वर्षे आपण हेच घर रोज दोनदा झाडीत आलो आहोत, तर ही प्रसन्नता आपल्या वाट्याला नेमकी केव्हा यायची होती? मला उत्तर देता आले नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला निरुत्तर होण्याची सवय असते. पण हा प्रश्न मनातून जाईना. त्याचा विचार करीत असताना मला पुन्हा पुन्हा एकच माणूस आठवत राहिला: देबूजी झिंगराजी जानोरकर, ज्यांना महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणून ओळखतो. झाडण्याचा आणि मनाचा संबंध या भूमीत त्यांच्याइतका कोणी जाणला असेल असे मला वाटत नाही.

देबूजींचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. दुसऱ्यांचे मळलेले कपडे धुऊन देणे हा जातीने नेमून दिलेला धंदा. म्हणजे स्वच्छता हे या मुलाने पुढे घेतलेले व्रत असले, तरी त्याच्या पूर्वजांवर ते लादलेले काम होते. हा भेद येथेच लक्षात ठेवलेला बरा. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले, होते नव्हते ते गमावून बसले आणि देबू आठ वर्षांचा असताना वारले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आपल्या माहेरी आली. मामाची गुरे राखणे, शेतात राबणे, रात्री भजनाला बसणे, पूर्णेच्या पाण्यात पोहणे, यात देबूचे बालपण गेले. शाळेचा उंबरठा त्याने ओलांडला नाही.

त्या काळचा वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश होता. १८५३ मध्ये तो निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. शेतकऱ्याच्या हाती नगदी पीक आले, पण त्यामागून सावकाराची वहीही आली. देबूजींच्या मामाची जमीन याच वहीत गेली. ज्याला अक्षरओळख नाही त्याने कागदावर अंगठा उठवावा आणि त्या कागदात काय आहे हे शेतावर जप्ती आल्यावर कळावे, असा हा सरळ व्यवहार होता. तरुण देबूजी त्या सावकारासमोर उभे ठाकले. पण घराची घडी विस्कटली ती विस्कटलीच. पुढे पन्नास वर्षे कीर्तनातून कर्ज काढू नका, सण आणि लग्ने उसनवारीने साजरी करू नका, जेवणाचे ताट विकावे लागले तरी मुलाला शिकवा, असे हा माणूस कळवळून सांगत राहिला, त्याचे मूळ दापुऱ्याच्या या शेतात आहे. ग्रामीण कर्जबाजारीपणावर मी वर्गात दोन तास बोलतो. बाबांना तेवढा वेळ लागत नसे.

१८९२ मध्ये देबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू यांची पंगत द्यावयाची होती. देबूजींनी गोडाचे जेवण घातले. दारूने बापाचा बळी घेतल्याचे ज्याने पाहिले, त्याच्या दृष्टीने यात विशेष काही नव्हते. पण भाऊबंदांना तो मोठा अपमान वाटला. समाजात पहिला खराटा त्यांनी फिरविला तो असा, स्वतःच्या अंगणात.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजी घर सोडून निघाले. अंगावर फाटके वस्त्र, हाती काठी आणि एक मातीचे गाडगे. पुढील बारा वर्षे ते कुठे कुठे फिरले याचा पूर्ण हिशेब कोणाला देता आलेला नाही. एवढे मात्र निश्चित की, या काळातच त्यांची ती अपूर्व रीत घडली. गावात शिरताच ते कोणाला काही न विचारता रस्ता झाडू लागत. गटार तुंबले असेल तर मोकळे करीत. एखाद्या शेतकऱ्याचे काम अडले असेल तर हात लावीत आणि मोबदल्यात भाकरीखेरीज काही घेत नसत. ती भाकरी गाडग्यात घेऊन खात. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, अंगावर रंगीबेरंगी चिंध्यांची गोधडी असा हा वेष. पोरे दगड मारीत, मोठी माणसे वेडा म्हणून हुसकून लावीत. दिवसभर ज्याला वेडा म्हटले त्याचेच रात्री कीर्तन आहे असे कळल्यावर गावाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी.

ही रीत केवळ लहर नव्हती. सकाळी गावाचा केर काढावयाचा आणि रात्री माणसांच्या मनातला, असा तिचा क्रम होता आणि तो कधीही उलटा झाला नाही. नुसता उपदेश करणारे आपल्याकडे उदंड झाले. बाबांनी आधी हाताने झाडून दाखविले, लोक ओशाळून हातात झाडू घेऊ लागले, सारा गाव धुळीने माखला, घामाघूम झाला, आणि मग तीच थकलेली, मोकळी झालेली माणसे रात्री कीर्तनाला बसली. शरीराला एकदा एखादे डोळ्यांना दिसणारे, पुरे होणारे काम मिळाले की मन ऐकण्याच्या स्थितीत येते. निराश मनाचे दुखणे हेच असते की त्याला कोणतीही गोष्ट पुरी होताना दिसत नाही. अंगणाचे तसे नसते. ते झाडून होते, आणि झालेले दिसते.

आधुनिक मानसशास्त्रही आता या दिशेने पाहू लागले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील दार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या संशोधिकांनी लॉस एंजेलिसमधील तीस नोकरदार जोडप्यांचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या घराचे वर्णन पसारा, अडगळ, अर्धवट राहिलेली कामे अशा शब्दांत करणाऱ्या पत्नींचे मन दिवस चढत जाईल तसे अधिक खिन्न होत असल्याचे त्यांना आढळले. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारा अंतःस्राव संध्याकाळपर्यंत जेवढा उतरावयास हवा तेवढा त्यांच्यात उतरत नव्हता. पतींच्या बाबतीत हा संबंध तितका स्पष्ट दिसला नाही. अर्थात पसाऱ्यामुळे मन खिन्न होते की खिन्न मनामुळे पसारा साचतो, हे अशा आकड्यांवरून ठामपणे सांगता येत नाही, आणि माझ्या अनुभवात दोन्ही खरे होते. पण घर एकच, पसारा एकच, आणि त्याचा भार मात्र एकाच्याच मनावर, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पत्नीच्या प्रश्नाचा धागा मला येथे दिसू लागला.

बाबांच्या कार्याकडे पुन्हा वळू. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. यात्रेच्या दिवसांत तेथे इतका चिखल होई की स्नानाला गेलेला माणूस अधिक मळून वर येई. बाबांनी तेथे स्वतः खपून लोकांची वाट सुकर केली आणि पुढे लोकवर्गणीतून घाट बांधविला. सावकारीने ज्याचे घर गेले त्याचे पहिले मोठे बांधकाम ऋणमोचन नावाच्या गावी व्हावे, हा योगायोग मला नेहमी चटका लावून जातो. त्यानंतर मूर्तिजापूर, नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर अशा धर्मशाळांची मालिका उभी राहिली. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना आसरा देणारे कोणी नव्हते. त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली गेली आणि ती पुढे बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या आप्तांसाठी धर्मशाळा झाली. कऱ्हाड येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव दिले गेले. निरक्षर माणसाचे नाव महाविद्यालयाला असावे याचे कोणाला नवल वाटले असेल तर त्याने बाबांचे कीर्तन ऐकलेले नसावे. पुढे २००५ मध्ये अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव मिळाले.

एवढा पैसा ज्याच्या शब्दावर जमला त्या माणसाच्या अंगावरची चिंधी बदलली नाही. आपल्या संस्थांत आप्तांचा शिरकाव होऊ नये याविषयी ते कमालीचे कठोर होते. कोणी पाया पडू लागला तर मागे सरत. शिष्य केले नाहीत, मठ स्थापिला नाही, मंत्र दिला नाही. कीर्तनात ते प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर काढून घेत. शुद्ध वऱ्हाडी बोली, मध्येच हशा, मध्येच एकदम शांतता. देवापुढे बकरे कापणे, शिवाशीव, हुंडा, दारू या साऱ्यांचा समाचार त्यात येई आणि श्रोता आपणच आपल्याविरुद्ध साक्ष देत आहोत हे उशिरा ओळखी. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले, आणि देवळांवर कोरडे ओढणाऱ्या त्या लेखणीला या संतापुढे मात्र नमते घ्यावेसे वाटले, यातच बाबांची जात कळते.

आता माझ्या मनातील अडचण सांगितली पाहिजे. बाबांचे चरित्र वाचताना मी नेहमी कुंताबाईंपाशी अडखळतो. पती घर सोडून गेला तेव्हा मुले लहान होती आणि सासू वृद्ध होती. गावोगावचे रस्ते झाडणाऱ्या माणसाचे स्वतःचे घर त्या काळात कोणी झाडले? मूर्तिजापूरला मोठी धर्मशाळा असताना कुंताबाई साध्या झोपडीत राहिल्या, असे चरित्रकार सांगतात, आणि बाबांच्या निःस्पृहतेचा पुरावा म्हणून सांगतात. तो पुरावा आहेच. पण त्या झोपडीचा उंबरठा सारविणाऱ्या बाईचे मन त्या वेळी हलके होत असे की जड, हे एकाही चरित्रकाराने विचारलेले नाही. १९२३ मध्ये मुलगा गोविंद पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्याने दगावला. ती बातमी कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना बाबांच्या हाती आली आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे सांगतात. बाबांना निदान समोर बसलेला समुदाय होता, पहाटे झाडावयाला दुसरे गाव होते. कुंताबाईंना तीच झोपडी होती.

मी बाबांचे मोठेपण कमी करू इच्छीत नाही. उलट, त्यांच्या चरित्रातूनच पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. एकच काम, एकच झाडू. परंतु तो आपणहून उचललेला असला तर मन उचलले जाते आणि नेमून दिलेला असला तर पाठ वाकते. परिटाच्या मुलाने परिटाचा धंदा नाकारला नाही. त्याने त्यातली सक्ती तेवढी काढून टाकली. ज्या कामामुळे जात हीन ठरत होती ते काम त्याने भर चौकात, सर्वांच्या देखत, सर्वांसाठी केले. आणि पाटलाला, शेटजीला, मामलेदारालाही झाडू हाती घ्यावयाला लावले. झाडणारा हात बदलताच झाडण्याचा अर्थ बदलला. याच देशात हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा पुन्हा नव्याने २०१३ मध्ये करावा लागला, यावरून तो अर्थ अजून किती थोड्यांपर्यंत पोचला आहे हे दिसते. गटारात उतरणाऱ्या माणसाला स्वच्छतेने मन प्रसन्न होते असे सांगण्याचे धाडस कोणी करू नये.

घरातही निराळे काय आहे? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोबदल्याच्या कामांत सुमारे ८१ टक्के स्त्रियांचा सहभाग होता, पुरुषांचा २६ टक्के. जे सहभागी होते त्यांतही स्त्रियांनी रोज सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांनी ९७ मिनिटे दिली. ही २९९ मिनिटे राष्ट्रीय उत्पन्नात कोठेही धरली जात नाहीत. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते की, एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर देशाचे उत्पन्न घटते. काम तेच, वेतन थांबले. हे उदाहरण मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. मुले हसतात. मीही हसत असे. ज्या श्रमाचा हिशेब कोणी ठेवीत नाही, जो संपला असे कोणी म्हणत नाही आणि जो उद्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यात समाधान शोधा असे स्त्रियांना सांगणे म्हणजे थट्टाच आहे.

आणखी एक गोष्ट बाबांनी ओळखली होती. ते घरापासून नव्हे, रस्त्यापासून आरंभ करीत. आपले घर लख्ख ठेवणारा समाज केर दाराबाहेर लोटून मोकळा होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, स्वतःचा खर्च शेजाऱ्याच्या खात्यावर टाकतो. महाराष्ट्र शासनाने २००० साली त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा गावांची परीक्षा घराघरांची नव्हे, सबंध गावाची घेतली गेली, आणि काही वर्षे खेड्यापाड्यांत खरोखरच चैतन्य संचारले होते. आमची नवी मुंबई २०२० च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात देशात तिसरी आली. तो मान मुख्यतः पहाटे काळोखात रस्ते झाडणाऱ्यांचा आहे. कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत नऊ वाजता शिरणाऱ्यांना त्या वेळी रस्ता स्वच्छच दिसतो. तो तसा कसा झाला हे पाहावयाला पाच वाजता उठावे लागते.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्रा येथील पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले म्हणून तो थकलेला, तरीही खणखणीत आवाज आज आपल्याला ऐकता येतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. बाबांनी नंतर चौदा दिवस काढले. २० डिसेंबर रोजी अमरावतीकडे मोटारीने जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचा अंत झाला. जन्मभर ज्याने घर केले नाही त्याला मरणही रस्त्यावरच आले. मागे उरले ते गाडगे, खराटा, चिंध्या, आणि ज्यांवर स्वतःचा हक्क सांगितला नाही अशा कित्येक इमारती.

आमच्या घरात आता रविवारचे काम वाटून घेतले आहे. खोल्या मी झाडतो आणि पत्नी सात वाजेपर्यंत झोपते, ही तिची अट होती. इमारतीचा सामाईक जिनाही, कोणाचाच नसल्यामुळे, माझ्याकडे आला. पहिल्या रविवारी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दार किलकिले करून पाहत होते. प्राध्यापकाला काय झाले अशी कुजबुज झाल्याचे नंतर कानावर आले. तिसऱ्या रविवारी कंबर धरली, भूकही बेताचीच लागली. त्यांच्या दारापुढचा केर मात्र त्या दिवशी आधीच कोणीतरी काढून ठेवला होता.